हमरस्ता आणि संशय

मुंबईहून आग्र्यास जाणारा आणि सुरतेहून जळगाव, नागपूर ओलांडून कलकत्त्याकडे धावणारा, असे दोन हमरस्ते धुळ्यात ज्या भूमीवर एकमेकांस छेदतात, त्या खानदेशात, १९८६ साली मद्रासेत एचआयव्हीचे देशातील पहिले निदान झाल्यानंतरच्या काळात, घरदार सोडून मालमोटारी हाकणाऱ्यांवर दोषारोप करणे सोपे होते. परंतु विषाणू कोणाचा पेशा पाहत नाही. तो असुरक्षित संभोगातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि मातेकडून अर्भकाकडे जातो. एका ताटातल्या भाकरीने किंवा डासाच्या दंशाने नव्हे. ज्वर, पुरळ, गाठी ही लक्षणे अनेक साध्या विकारांतही आढळतात, आणि बाधित मनुष्य वर्षानुवर्षे धडधाकट दिसू शकतो. म्हणून केवळ देहावरील चिन्हांवरून स्वतःचा फैसला करून रात्रंदिवस झुरणे, हा या व्याधीच्या इतिहासातील मला सर्वांत करुण वाटणारा भाग होय. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून औषधोपचार टप्प्याटप्प्याने विनामूल्य झाला. २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून चाचणीस व नोकरीतील भेदभावास मनाई केली. धोक्याचा प्रसंग घडला असल्यास बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांस गाठावे, आणि तत्काळ केलेली चाचणी निर्दोष आली तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करून घ्यावी.