जुन्या बुटापासून ब्रेक लायनरपर्यंत
इंग्लंडमधल्या डर्बीशायरचे गाडीवान उतारावर घोडागाडी आवरायला ब्रेकच्या ठोकळ्यावर जुने बूट ठोकत. ते पाहून हर्बर्ट फ्रूडने १८९७ मध्ये टिकाऊ ब्रेक ब्लॉक बनवायला घेतले. त्यातूनच पुढे ‘फेरोडो’ ही कंपनी उभी राहिली.

१९०८ पासून तिच्या लायनरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरात, ॲस्बेस्टॉस आले. ते उष्णता सोसे, पण त्याची धूळ फुप्फुसांना घातक. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली.

लायनर आपल्याकडच्या गाड्यांतही असत. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. गॅरेजमध्ये शू (लायनर ज्यावर बसते तो कमानदार भाग) तोच ठेवून, रिवेट काढून झिजलेले लायनर उतरवत आणि नवे बसवत. रिवेटची डोकी वर राहिली, तर ड्रमला चरे पडत. एकाच चाकाचे लायनर बदलले, तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढे. म्हणून दोन्ही बाजूंची जोडी एकदमच बदलत.