माशीच्या डोळ्यातील सातवी पेशी

प्रथिन ही ॲमिनो आम्लांची लांब साखळी असली, तरी तिचे काही भाग स्वतंत्रपणे घडी घेतात, ठरावीक काम करतात आणि एकमेकांशी अन्यथा संबंध नसलेल्या प्रथिनांतही पुन्हा पुन्हा आढळतात; अशा भागाला डोमेन म्हणतात. पेशीच्या पृष्ठभागावर पोचलेला संकेत आतपर्यंत कसा जातो हे डोमेनच्या आधारे उलगडले, त्यात फळमाशीच्या डोळ्यावरील संशोधनाचा वाटा फार मोठा आहे.

फळमाशीच्या डोळ्यात सुमारे ८०० नेत्रिका असतात आणि प्रत्येक नेत्रिकेत प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी असतात. त्यांतील आर-७ ही सातवी पेशी अतिनील प्रकाश ओळखते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत सीमूर बेंझर यांनी १९६७ मध्ये प्रकाशाकडे धावणाऱ्या माश्यांच्या वर्तनाचा जनुकीय अभ्यास हाती घेतला. त्या प्रयोगशाळेत पुढे, अतिनील प्रकाशाची ओढ नसलेल्या माश्या निवडताना, आर-७ पेशीच नसलेला उत्परिवर्ती प्रकार मिळाला आणि १९७६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. ‘सेव्हनलेस’ असे नाव मिळालेल्या या जनुकात बिघाड झाला, की जिची आर-७ व्हायची ती पेशी भिंग घडवणाऱ्या शंकुपेशीत रूपांतरित होते.

हे जनुक १९८७ मध्ये वेगळे करण्यात आले, तेव्हा त्याचे प्रथिन पेशीपटलातून आरपार जाणारा ग्राही असल्याचे आणि त्याच्या आतल्या टोकाला टायरोसीन कायनेज, म्हणजे टायरोसीन या ॲमिनो आम्लाला फॉस्फेट गट जोडणारे डोमेन असल्याचे दिसले. शेजारच्या आर-८ पेशीवरील ‘बॉस’ हे प्रथिन त्याला संकेत देते, हेही लवकरच स्पष्ट झाले. फॉस्फेट जोडल्यानंतर पुढे काय घडते, हा खरा अवघड प्रश्न मात्र अजून उरला होता.

त्याचे उत्तर बर्कली येथे जेराल्ड रुबिन यांच्या गटाने ज्या युक्तीने शोधले, ती जनुकशास्त्रातील अत्यंत कल्पक युक्त्यांपैकी एक मानावी लागेल. तापमानातील अगदी लहान फरकाने आर-७ पेशी घडते की नाही हे ठरेल, असा कमकुवत सेव्हनलेस ग्राही त्यांनी वापरला. अशा काठावरच्या अवस्थेत संकेतमार्गातील दुसऱ्या एखाद्या जनुकाची दोनपैकी एकच प्रत निकामी झाली, तरी ती पेशी नाहीशी होते. या चाळणीतून १९९१ मध्ये संकेत पुढे नेणाऱ्या प्रथिनाचे रास आणि ‘सन ऑफ सेव्हनलेस’, म्हणजेच सॉस, ही जनुके पुढे आली. सॉसचा शोध त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथे उत्पल बॅनर्जी यांच्या गटालाही वेगळ्या वाटेने लागला.

दुसरा धागा कर्करोगाच्या अभ्यासातून आला. टोनी पॉसन यांच्या गटाने १९८६ मध्ये कोंबड्यांना कर्करोग जडवणाऱ्या विषाणूच्या प्रथिनात सुमारे १०० ॲमिनो आम्लांचे एसएच-२ हे डोमेन ओळखले होते. ते स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया घडवत नाही, फक्त फॉस्फेट लागलेल्या टायरोसीनला धरते. हे दोन्ही धागे १९९३ मध्ये ड्रक या लहानशा प्रथिनात एकत्र आले. ड्रकमध्ये मध्यभागी एक एसएच-२ आणि दोन्ही टोकांना एकेक एसएच-३ हे दुसऱ्या प्रकारचे डोमेन एवढेच असते. एसएच-२ सक्रिय सेव्हनलेसला चिकटते, एसएच-३ डोमेन सॉसच्या प्रोलीनसमृद्ध शेपटाला धरतात, त्यामुळे सॉस पेशीपटलाशी असलेल्या रासजवळ येतो आणि रासला जीडीपी हा रेणू सोडून जीटीपी हा रेणू धरायला लावून त्याला सक्रिय करतो. ज्याच्यात विकराचा गुण मुळीच नाही, असे प्रथिन केवळ जोडणी करून पेशीचे भवितव्य ठरवते, हे त्या काळी खरोखर नवे होते.

गोलकृमीतील सेम-५ आणि सस्तन प्राण्यांतील जीआरबी-२ या प्रथिनांची रचनाही अशीच असल्याचे १९९२ मध्येच दिसले होते. मानवातील सॉसशी संबंधित जनुकाला आजही माशीवरून आलेले एसओएस-१ हेच नाव आहे, आणि ठेंगणेपणा व जन्मजात हृदयदोष आढळणाऱ्या नूनान सिंड्रोमच्या काही रुग्णांत त्याच जनुकात उत्परिवर्तने असल्याचे २००७ मध्ये सिद्ध झाले.