जैसलमेर

राजस्थानच्या पश्चिम टोकाला, थरच्या वाळवंटातील जिल्ह्याचे ठिकाण. लोकसंख्या ६५,४७१ (२०११). भाटी राजपूत रावळ जैसल याने जवळच्या लोद्रव्याहून राजधानी हलवून ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर किल्ला बांधला. पिवळ्या वालुकाश्माच्या या किल्ल्यात आजही लोक राहतात. २०१३ पासून तो जागतिक वारसा आहे. नळाचे पाणी आल्यावर मात्र सांडपाणी मुरून त्याचा पाया खचू लागला. पाण्याच्या दुर्भिक्षात टिकलेल्या वास्तूवर पाण्यानेच संकट आणावे, हे विलक्षणच.

पाऊस तुटपुंजा. गडीसर तलाव ही गावाची जुनी तहान-भागवणी. परिसरातील पालीवाल ब्राह्मणांनी खडीन पद्धत रुजवली : उताराच्या तळाशी बांध घालून पाणी अडवायचे, ते जिरले की त्याच ओलीवर रब्बीचे पीक घ्यायचे. त्यांचे कुलधरा गाव आता ओसाड आहे.

उंटांच्या तांड्यांवरील जकातीने शहर श्रीमंत झाले. पटवा या व्यापारी घराण्याची हवेली व्यापारातील पैशाची. पुढे मुंबई बंदराकडे व्यापार वळला आणि १९४७ च्या फाळणीने सिंधकडील वाटाही बंद झाल्या. सध्या पर्यटन, लष्करी तळ आणि पवनचक्क्यांवर येथील अर्थव्यवस्था बरीचशी अवलंबून आहे.