यशवंतपूरची रोमन नाणी आणि शेतातला धातुशोधक

१८९१ साली बेंगळुरूजवळच्या यशवंतपूर येथे रेल्वेच्या कामासाठी जमीन खोदली जात असताना चांदीची १६३ रोमन नाणी हाती लागली. पुढे १९६५ मध्ये शहराच्या पूर्वेस, एचएएल विमानतळाच्या परिसरात, अशीच २५६ नाणी मिळाली. ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस या सम्राटांच्या काळातील ही नाणी. ‘बेंगळुरू’ हे नाव ज्यावर प्रथम आढळते, तो बेगूरचा वीरगळ इ. स. ८९० च्या सुमाराचा आहे. म्हणजे गावाचे नाव कोरले जाण्याच्या कितीतरी शतके आधी या पठारावर रोमची चांदी पोहोचली होती.

हे दोन्ही साठे योगायोगाने मिळाले. युरोपात मात्र असा शोध हा अनेकांचा फावल्या वेळचा छंद आहे. सुटीच्या दिवशी धातुशोधक खांद्यावर टाकून, शेतमालकाच्या परवानगीने, नांगरलेल्या रानात तासन्‌तास फिरायचे. यंत्राचे तत्त्व साधे आहे. तारेच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात भोवऱ्यांसारखे प्रवाह उमटतात आणि त्यांचे प्रतिक्षेत्र यंत्राला जाणवते. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी याच तत्त्वावर शोधण्याचा प्रयत्न केला होता, पण तो फसला. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग हुडकण्यासाठी ही यंत्रे वापरली गेली आणि युद्धानंतर ती छंदिष्टांच्या हाती आली.

परंतु नाणे सापडणे आणि इतिहास सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या साठ्यातील सर्वांत अलीकडचे नाणे क्लॉडियसचे असेल, तर तो साठा इ. स. ४१ पूर्वी पुरलेला असू शकत नाही. हा निष्कर्ष एकट्या नाण्यावरून निघत नाही. त्यासाठी संपूर्ण साठा एकत्र राहावा लागतो. चार नाणी सोनाराकडे गेली, दोन आप्तांत वाटली गेली, की पुरावा मोडतो. नाणी कोणत्या मडक्यात होती, मातीच्या कोणत्या थरात होती, ही माहितीही पहिल्या घाईच्या कुदळीबरोबर नाहीशी होते.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण प्रवरेकाठच्या दायमाबादचे आहे. १९७४ साली तेथे झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला कांस्यशिल्पे मिळाली: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक. अनेक संशोधक ती उत्तर हडप्पाकालीन मानतात. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून काहींनी त्यांच्या प्राचीनत्वाविषयी शंका घेतली. शास्त्रशुद्ध उत्खननात थराच्या नोंदीसह ती मिळाली असती, तर या वादाला फारशी जागा उरली नसती.

उलट उदाहरण इंग्लंडमधील हॉक्सनचे. नोव्हेंबर १९९२ मध्ये एक निवृत्त गृहस्थ मित्राचा शेतात हरवलेला हातोडा धातुशोधकाने शोधत होते. अचानक रोमन सोन्याचांदीची नाणी दिसू लागली. काही वस्तू वर काढल्यावर त्यांनी खणणे थांबवले आणि वर्दी दिली. पुरातत्त्वज्ञांनी उरलेला साठा जागेवरच उकलल्यामुळे सुमारे १५,००० नाणी आणि सोबतच्या वस्तू पेटीत कशा रचल्या होत्या, हेही समजले. तो हातोडाही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

भारतात १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार, दहा रुपयांहून अधिक मोलाचा गुप्त ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. कर्नाटकाने १९६२ साली यासाठी स्वतःचा कायदा केला. दडवणे हा गुन्हा आहे. बेंगळुरूभोवतीची शेते आज झपाट्याने इमारतींच्या पायाखाली जात आहेत. तेथे नांगराला किंवा खोदयंत्राला एखादे मडके लागलेच, तर काम थांबवून, छायाचित्र घेऊन, जागा न हलवता वर्दी देणे एवढे कोणालाही करता येते. मडक्यातल्या चांदीचे मोल तराजूवर ठरेल. ती तेथे कशी आली, हे मात्र भोवतालची मातीच सांगू शकते.