जोखीम : संज्ञा, घटक आणि वहन

'जोखीम' ही संज्ञा मराठीत तीन अर्थांनी रूढ आहे. पहिला अर्थ वस्तुवाचक : 'अंगावर जोखीम आहे' असे प्रवासी म्हणतो, तेव्हा त्यास दागिने वा रोकड अभिप्रेत असते. दुसरा दायित्ववाचक : जोखमीचे काम म्हणजे ज्याचा जाब विशिष्ट व्यक्तीस द्यावा लागतो ते काम. तिसरा संभाव्यतावाचक : हानी होण्याची शक्यता. अर्वाचीन शास्त्रांनी तिसरा अर्थ स्वीकारून तो गणिताने सूक्ष्म केला. पहिले दोन अर्थ वगळल्यास तिसराही अपुरा राहतो, हे येथे प्रतिपाद्य आहे.

प्रथम सजातीय संज्ञांपासून व्यावर्तन करू. (१) धोका म्हणजे हानीचे संभाव्य कारण. (रायपूरच्या मराठी वाचकाने येथे सावध असावे, हिंदीतील 'धोखा' म्हणजे फसवणूक.) (२) अनिश्चितता म्हणजे परिणामाचे अज्ञान. फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये मोजता येणारी ती जोखीम आणि न मोजता येणारी ती अनिश्चितता, असा भेद केला. (३) जोखीम म्हणजे कोणाची तरी मोलाची वस्तू धोक्याच्या कक्षेत आल्याने उत्पन्न होणारा संबंध. धोका वस्तूच्या ठायी असू शकतो; जोखीम संबंधरूप असल्याने 'कोणाची?' या प्रश्नावाचून तिचे विधान पूर्ण होत नाही.

हा संबंध कशाकशाने घडतो? हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०१४ च्या अहवालात तीन घटक मानले आहेत : धोका, त्याच्या कक्षेत असणे आणि हानिप्रवणता. रायपुरात जी. ई. रोडलगतच्या तेलीबांधा तलावावर हे घटक पडताळता येतात. लोक या परिसरास मरीन ड्राइव्ह म्हणतात. पूर्वी काठावर झोपड्यांची वस्ती होती. पुढे रहिवाशांसाठी पक्क्या इमारती झाल्या आणि काठाने फिरण्याचा मार्ग झाला. अतिवृष्टी हा धोका दोन्ही काळांत तोच. मात्र मातीच्या जोत्यावरचे घर आणि वरच्या मजल्यावरचे घर यांची हानिप्रवणता भिन्न. तासभर फिरायला येणारा आणि तेथेच राहणारा यांचे कक्षेत असणेही भिन्न, कारण एकाचे ऐच्छिक व अल्पकालीन, दुसऱ्याचे नित्य. पाऊस एक आणि जोखमी अनेक.

येथून मापनाचा प्रश्न निघतो. संभाव्यता आणि हानीचे मूल्य यांचा गुणाकार हे जोखमीचे प्रचलित माप आहे. झोपडीतील धान्य, भांडी व अंथरूण यांचे रुपयांतील मूल्य अल्प असल्याने गुणाकारही अल्प येतो, आणि वस्ती कमी जोखमीची ठरते. ज्याचे सर्वस्व गेले त्याची हानी पूर्ण असते, हे त्या आकड्यात दिसत नाही. हा दोष गौण नाही. येथे वस्तुवाचक अर्थ शास्त्रास उपयोगी पडतो : जोखीम म्हणजे आधी 'जवळ असलेले', आणि ते धारकाच्या एकूण धनाशी तोलूनच मोजले पाहिजे.

दायित्ववाचक अर्थाचे शुद्ध उदाहरण पश्चिम किनाऱ्यावरील सागरी व्यापारातील जोखमी हुंडीत मिळते. माल पाठवणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि ती तिसऱ्यास विकून रक्कम आधीच घेई. जहाज सुखरूप पोहोचले तर माल घेणारा हुंडीधारकास रक्कम देई. जहाज बुडाले तर धारकाचे पैसे बुडत. हुंडी दर्शनी रकमेपेक्षा कमी भावाने विकली जाई, आणि त्या कसरीत विम्याचा हप्ता अंतर्भूत असे. देणे सशर्त असल्यामुळे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील विपत्राच्या व्याख्येत ती बसत नाही, कारण त्या व्याख्येस बिनशर्त आदेश लागतो. शास्त्रदृष्ट्या महत्त्वाचे हे की, या व्यवहारात धारक ज्ञात आहे, त्याची संमती आहे आणि वहनाचे मोलही ठरलेले आहे.

यावरून जोखमीच्या हस्तांतराचे दोन प्रकार संभवतात : समोल (मोल देऊन) आणि निर्मोल (मोल न देता). वाहनतळावरील 'आपल्या जोखमीवर' ही पाटी दुसऱ्या प्रकाराकडे झुकते. नगररचनेत तो प्रकार अधिक गंभीर होतो. रस्त्याची पातळी उंचावली की पाणी लगतच्या सखल गल्लीकडे वळते. रस्त्याची जोखीम घटल्याची नोंद होते. गल्लीने ती पत्करल्याची नोंद होत नाही. म्हणून अशा प्रत्येक आराखड्यात तीन बाबी लिखित असाव्यात : घटलेली जोखीम कोणाकडे गेली, त्याला विचारले होते काय, आणि त्याबदली त्यास काय दिले.