फोन टॅपिंगचा आदेश कोण देतं? अचलपूरच्या आमदारांच्या प्रकरणातून समजून घ्या नियम

अमरावती/अकोला : ‘भाऊ, फोनवर नको, भेटल्यावर बोलू.’ आंदोलनाची तयारी असो की ग्रामपंचायतीचं राजकारण, हे वाक्य आता गावातल्या पारावरही कानावर पडतं. पण सरकार खरंच कोणाचाही फोन ऐकू शकतं का? कायदा त्याला कुठे अडवतो? आपल्याच भागातल्या आमदारांच्या एका गाजलेल्या प्रकरणातून हे नीट समजतं.

काय होतं प्रकरण?

जुलै २०२१ मध्ये काँग्रेसचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला, की २०१६-१७ मध्ये ते खासदार असताना त्यांचा फोन ‘अमजद खान’ या नावाने टॅप झाला. त्याच प्रकरणात अचलपूरचे तत्कालीन आमदार आणि त्या वेळी अकोल्याचे पालकमंत्री असलेले बच्चू कडू यांचंही नाव आलं. त्यांचा नंबर ‘निजामुद्दीन बाबू शेख’ या नावाने टॅपिंगला लावल्याचा आरोप होता.

तत्कालीन पोलीस महासंचालक संजय पांडे यांच्या समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात पुण्याच्या माजी पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्यांनी त्याला हायकोर्टात आव्हान दिलं. राज्यात सरकार बदलल्यावर पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने गुन्हा रद्द केला. म्हणजे कोर्टात कोणावरही दोष सिद्ध झालेला नाही.

टॅपिंगची गरज पडते का?

पडते. २६/११ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवादी आणि पाकिस्तानातले त्यांचे सूत्रधार यांच्यातलं फोनवरचं बोलणं तपास यंत्रणांनी पकडलं. पुढे कोर्टात तो महत्त्वाचा पुरावा ठरला. त्यामुळे टॅपिंगच नको, असं कोणतंच कोर्ट म्हणत नाही. कोर्टांचं म्हणणं एवढंच, की कारण खरं असावं आणि पद्धत कायद्याची असावी.

सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये पीयूसीएल संस्थेच्या खटल्यात टॅपिंगवर बंधनं घातली. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. मुंबई हायकोर्टाने तर २०१९ मध्ये एका लाच प्रकरणातले टॅपिंगचे आदेशच रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी किंवा जनतेच्या सुरक्षेचा प्रश्न नसताना फोन ऐकला, म्हणून ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली.

आज नियम काय आहे?

पूर्वी १८८५ चा टेलिग्राफ कायदा लागू होता. आता दूरसंचार कायदा २०२३ आणि त्याखालचे डिसेंबर २०२४ चे नियम आहेत. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

- आदेश केंद्राचे किंवा राज्याचे गृह सचिव देतात. ठाणेदार किंवा तहसीलदार स्वतःच्या अधिकारात फोन टॅप करू शकत नाहीत.
- तातडीच्या वेळी वरिष्ठ पोलीस अधिकारी आदेश देऊ शकतो, राज्यात तो किमान आयजी दर्जाचा लागतो. सात कामकाजाच्या दिवसांत गृह सचिवांची मंजुरी मिळाली नाही, तर टॅपिंग थांबवावं लागतं.
- एक आदेश जास्तीत जास्त ६० दिवस चालतो. वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांच्या पुढे नाही.
- मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती दर दोन महिन्यांतून एकदा तरी हे आदेश तपासते.
- बेकायदा फोन ऐकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग अडचण कुठे आहे?

आदेश नंबरवर लागतो. पण वर बसलेला अधिकारी आणि समिती कागदावरचं नाव आणि कारण वाचूनच ठरवतात. अचलपूरच्या प्रकरणातला आरोप नेमका यावरच बोट ठेवतो. नंबर आमदाराचा आणि नाव भलत्याचंच असेल, तर तपासणाऱ्याला शंका येणार कशी?

आदेश देणारे सरकारी अधिकारी, तपासणारेही सरकारी अधिकारी. मध्ये न्यायाधीश कुठेच नाही. शिवाय ज्याचा फोन ऐकला, त्याला नंतरही कळवलं जात नाही. माहिती अधिकारातही ही माहिती सहसा मिळत नाही. आमदाराला आपल्या फोनचं वर्षांनंतर कळत असेल, तर वावरात राबणाऱ्या माणसाला कधी कळणार? सुरक्षा आणि खासगीपणा यांचा तोल इथेच जातो. नियम कागदावर कडक आहेत, पण कागद खरा आहे का, हे बाहेरून पाहणारं कोणी नाही.

आपण काय लक्षात ठेवावं?

- सीडीआर म्हणजे टॅपिंग नव्हे. सीडीआरमध्ये कोणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि टॉवर कोणता होता, एवढंच असतं. बोलणं नसतं.
- खटल्यात फोनचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून आलं, तर वकिलामार्फत टॅपिंगच्या आदेशाची मागणी करा. तारीख, नंबर, नाव आणि सही कोणाची, ते तपासा.
- आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत, हे संचार साथी पोर्टलवर पाहता येतं. आपल्या कागदपत्रांवर दुसऱ्याने घेतलेलं सिम गुन्ह्यात वापरलं, तर चौकशी आपल्या दारात येते. हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीने टाकण्याचा आदेश केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला होता. टीका झाल्यावर डिसेंबरमध्ये तो मागे घेतला.
- ‘तुमचा फोन टॅपिंगवर आहे, डिजिटल अरेस्ट झाली, पैसे भरा’ असा फोन आला तर तो ठगच समजा. खरं टॅपिंग कोणी फोन करून सांगत नाही. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.