प्रोबेट मुंबईला, माफी पुण्याला

मृत्युपत्राच्या प्रोबेटची, म्हणजे ते कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती मुंबईकर हिंदूंवर आली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या कोर्टांच्या वारशाने. धर्मशास्त्राचा तिच्याशी संबंध नाही. 1726 च्या सनदेने इथल्या मेयर कोर्टाला प्रोबेटचा अधिकार मिळाला आणि 1870 च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टने तो दंडक शहरातल्या हिंदूंनाही लागू केला. 2025 मध्ये ही सक्ती उठेपर्यंत परिणाम मोठा गमतीचा होता: गिरगावातल्या चाळीच्या वारसाने वकील गाठून हायकोर्टाची पायरी चढायची, सदाशिव पेठेतल्या वाड्याचा वारस, मृत्युपत्रही पुण्यातच झाले असेल तर, घरी स्वस्थ. बनावट मृत्युपत्रांना आळा बसतो, हे समर्थन पोकळ नव्हते. नातलगांना नोटिसा जात, साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र लागे. पण खोट्या सह्या काय फक्त मुंबईतच होत? 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने तरीही ती जुनी हद्द तशीच उचलली.